अंतरपाटाचे टोक

नातीच्या विवाहात मंगलाष्टके मीच म्हणावीत, असा तिचा हट्ट होता. त्याच मांडवात डीजेही हवा, असाही तिचाच हट्ट होता. पहिला मला प्रिय होता, दुसरा अप्रिय. आदल्या हिवाळ्यातील दुखण्यानंतर माझा आवाज क्षीण झाला होता. श्लोकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत श्वास पुरत नसे. हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते. आयुष्यभर इतरांच्या मुलींना ज्या स्वरात आशीर्वाद दिले, तो स्वर स्वतःच्या नातीपुढे तुटू नये, एवढीच प्रार्थना होती.

कार्यालयात मी सकाळीच पोहोचलो. डीजेवाला सायखेड्याचा, चाळिशीच्या आसपासचा गृहस्थ. चपला खाली काढून तो आपल्या चौथऱ्यावर चढला, यंत्राला त्याने हळदकुंकू लावले, उदबत्ती फिरवली आणि मगच वीज जोडली. हे मला अनपेक्षित होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

त्याने हेडफोन एकाच कानावर ठेवला होता. दुसरा कान मोकळा.

“एक कान निकामी आहे का?” मी विचारले.

“नाय गुरुजी,” तो हसला. “मोकळ्या कानानं चालू गाणं ऐकतो. झाकलेल्या कानात पुढचं. दोघांचा ठेका जुळला की हे फेडर सरकवायचे.” त्याने समोरच्या सरकत्या पट्ट्यांवर बोट ठेवले. “लोकांना कळायला नको, पहिलं कधी गेलं नि दुसरं कधी आलं.”

मला पाठशाळा आठवली. गोदेच्या काठी आम्ही वेदांचा क्रमपाठ शिकलो, तेव्हा पहिले पद दुसऱ्याशी जोडायचे, मग दुसरे पुन्हा उच्चारून तिसऱ्याशी. मुखात एक पद असताना मनात पुढचे सिद्ध ठेवावे लागे. ते न ठेवणाऱ्यास आचार्य पुन्हा आरंभापासून म्हणावयास लावीत. या माणसाला तेच साधले होते, आणि मी आठवडाभर त्याला ‘गोंगाट’ या एका शब्दात संबोधत होतो.

तरीही भीती गेली नव्हती. मी त्याला बजावले, “मंगलाष्टकांच्या वेळी एकही यंत्र वाजता कामा नये. आठवा श्लोक संपून ‘सावधान’ झाले की मगच सनई-चौघडा लावा. आठ नीट मोजा.”

“बरं,” तो म्हणाला. माझ्यापुढचा माइक त्याने तपासला. मी दोन चरण म्हणून दाखवले, तेव्हा त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि माइक माझ्या ओठांजवळ सरकवला.

माध्यान्हीला वधूवर उभे राहिले. अंतरपाटाचे एक टोक माझ्या डाव्या हातात, उजव्या हातात अक्षता. दर चरणाला श्वास घेत मी सहा श्लोक निभावले. सातवा माझ्या सुनेने म्हटला. आठवा मी आरंभणार, तोच वराच्या आत्याबाईंनी पर्समधून घडीचा कागद काढला. दोन्ही घरांतील माणसांची नावे गुंफून त्यांनी स्वतः रचलेले मंगलाष्टक होते. विवाहात अशी एक आत्या असतेच, हे चाळीस वर्षे पौरोहित्य करूनही मी विसरलो होतो.

त्यांचे ‘सावधान’ झाले आणि मी मनात मोजले. हा आठवा होता. मुहूर्ताला अवकाश होता, माझा श्लोक राहिला होता, आणि चौघडा आता वाजणार होता. वाजला की लोक अक्षता टाकून मोकळे होणार. हात गुंतलेले, माइक चालू. खूणही करता येईना. मी चौथऱ्याकडे पाहिले. त्याचा एक हात त्या पट्ट्यांवर, दुसरा कळेवर. तो हलला नाही.

मी श्लोक आरंभिला. तिसऱ्या चरणात श्वास सरला. ओठ हलत होते आणि गळ्यातून केवळ कुजबुज येत होती. तरी सभागृहात शब्द स्वच्छ ऐकू येत होते. मी जितका खचत होतो, तितका तो स्वर हलकेच वर उचलला जात होता. नातीने पापण्या मिटल्या होत्या. ‘सावधान’ म्हणून मी टोक सोडले, आणि त्याच क्षणी चौघडा वाजला.

भोजनापूर्वी मी त्याच्याकडे गेलो. “तुम्ही आठ मोजले नाहीत?”

“मोजले असते तर फजिती झाली असती. कोणती आत्या कधी कागद काढंल, सांगता येतंय व्हय? मी तुमच्या हातातलं टोक बघत व्हतो.”

“आणि आवाज?”

“सकाळीच कळलं व्हतं, गुरुजी. थोडं थोडं वाढवत नेलं.” मग खालच्या स्वरात, “कुणाला बोललो नाय.”

मला मिळालेले श्रीफळ मी त्याच्या यंत्राशेजारी ठेवले. स्पीकरच्या कंपनाने ते घरंगळू लागले. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावले, खालच्या पेटीवर आपल्या खांद्यावरच्या उपरण्याची चुंबळ करून त्यात बसवले, आणि हेडफोन पुन्हा एका कानावर ओढला.