खाट सरळ जाईल असं घर

तिरकेमामांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नसे. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचं हा त्यांचा धंदा, आणि जिन्यात कपाट अडकलं की "तिरकं घ्या, तिरकं!" अशी आरोळी ठोकायची ही सवय. आरोळी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. त्यावरून नाव पडलं ते कायमचं चिकटलं. मामांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: जिने बांधणारी आणि त्या जिन्यांतून कपाटं नेणारी. पहिल्या प्रकाराशी त्यांचं जन्माचं वाकडं. "एखाद्या गवंड्याला कधी घामाघूम होऊन शोकेस चढवताना बघितलंय का?" असं ते कुणालाही विचारत, अगदी चहावाल्यालासुद्धा, आणि चहावाला बिचारा नाही म्हणे.

असा माणूस स्वतः घर बांधायला निघाला, त्याला कारण सासूबाई.

मामा, मामी आणि मामींची आई भाड्याच्या दोन खोल्यांत राहत, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातून त्यांना घरी आणायची वेळ आली. मामा छाती फुगवून म्हणाले, "जन्मभर लोकांचे संसार उचलले, सासू काय जड आहे?" त्यांचे दोन जोडीदार मदतीला आले. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणत, पण ते एकमेकांचे कोणीच नव्हते. एक उंच होता आणि एक ठेंगणा, एवढंच. सासूबाईंना खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधलं आणि चढण सुरू झाली. पहिला मजला झकास गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली, आणि मामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तिरकं घ्या, तिरकं!"

जोडीदारांनी घेतलं. सासूबाईंचे पाय वर आणि डोकं खाली. दुसऱ्या मजल्यावरची बाई दार उघडून बघत होती, तिची पोरं बघत होती, आणि त्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या.

वर पोचल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "जावईबापू, मी काय कपाट आहे?" मग बरेच दिवस त्या मामांशी बोलल्या नाहीत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की आता पुन्हा चालणं कठीण, तेव्हा त्यांनी आपला निकाल जाहीर केला. "या घरातून मी उतरेन तर सरळ उतरेन. पोटावर भरलेला तांब्या ठेवा. त्यातलं पाणी सांडलं की मी परत वर."

"अगं आई, असं कसं चालेल?" मामी म्हणाल्या.

"चालायचं कुणाला आहे?" सासूबाई म्हणाल्या.

यावर सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्याच्या आदल्या दिवशीच, मामी भाजी आणायला गेल्या असताना, सासूबाईंनी त्यांना जवळ बोलावून हळूच विचारलं होतं, "खरं सांगा. मी गेल्यावरसुद्धा त्या वळणावर मला तिरकंच करणार ना?" मामांना खोटं बोलता येत नसे, आणि जिन्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. ते पांघरुणाची टोकं सारखी करू लागले. सासूबाईंनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूबाईंना जिवंतपणी, उघड्या डोळ्यांनी इथून बाहेर काढायचं आणि जिथे जिना नाही, अडचण नाही, अशा घरात सरळ न्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. वस्तीच्या टोकाला त्यांचा जमिनीचा एक तुकडा कधीचा पडून होता. तो त्यांनी साफ करायला घेतला. गवंडी मात्र लावायचा नाही. गवंड्यांवर भरवसा ठेवूनच तर ही वेळ आली होती.

लोक घराचा नकाशा कागदावर काढतात. मामांनी तो खाटेने काढला. सासूबाईंच्या खाटेच्या मापाची दुसरी खाट त्यांनी त्या मोकळ्या जागेवर आणली, तिच्यावर वाळूचं पोतं आडवं टाकलं, पोत्यावर भरलेला तांब्या ठेवला, आणि तिघं जण ती खाट उचलून नसलेल्या घरातून फिरू लागले. "हे पुढचं दार. ही बैठकीची खोली. आता डावीकडे वळा. अरे सावकाश, सासूबाई आहेत!" खाट जिथून जाई तिथे दोन्ही बाजूंनी मामी चुन्याची फक्की टाकत येत. पाणी हिंदकळलं की सगळं पायाने पुसायचं आणि पुन्हा दारापासून सुरुवात.

शेजारच्या घराच्या कट्ट्यावर एक म्हातारा गवंडी बसलेला असे. काम सोडलेला, जीभ मात्र शाबूत. त्याने बराच वेळ हा प्रकार पाहिला आणि मग न राहवून विचारलं, "कुणी आजारी आहे का?"

"घर बांधतोय," मामा म्हणाले.

"कुणासाठी?"

"सासूबाईंसाठी."

गवंड्याने पोत्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि पोत्याला उद्देशून आदराने मान लववली.

फक्की टाकून झाल्यावर मामी मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, स्वयंपाकघराच्या दारातून ट्रक जाईल!"

"खाट वळायला नको?"

"आईची खाट स्वयंपाकघरात कशाला वळेल?"

"भाजीत मीठ किती घातलंय ते बघावंसं वाटलं तर त्यांना?"

मामींनी फक्कीचा डबा पुन्हा उचलला. आईला तसं वाटणार याची त्यांना खात्री होती. आजवर रोज वाटत आलं होतं.

मग बांधकाम सुरू झालं. मामांच्या दृष्टीने भिंत आणि कपाट यांत फारसा फरक नव्हता; दोन्ही उभं करायचं आणि हलत नाही ना बघायचं. पहिली भिंत छातीएवढी झाली तेव्हा कट्ट्यावरून आवाज आला, "कुठे निघाली ही?" मामा लांब जाऊन बघून आले. भिंत खरंच रस्त्याकडे झुकली होती. मामांनी शांतपणे शर्टाच्या बाह्या सारल्या. "थोरल्या, खांदा लाव. जरा आत सरकवू."

"अरे, भिंत आहे ती!" गवंडी ओरडला. तोवर थोरल्याने खांदा लावला होता. भिंत आतही सरकली नाही आणि तिरकीही झाली नाही. ती सरळ आडवी झाली. धूळ खाली बसली तेव्हा तिघंही डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचे झाले होते आणि मामी हसू दाबायला पलीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गवंडी कट्ट्यावरून उतरून आला. त्याच्या हातात ओळंबा होता. "ही दोरी, हे खाली वजन," तो म्हणाला. "ही सांगेल तेच सरळ. हिच्याशी वाद घालायचा नाही." मामांना वाद घालायची फार इच्छा झाली, पण घालणार कशाशी? दोरी ऐकून घेत नव्हती. हळूहळू त्यांचा हात बसला. एक कोपरा चार वेळा उतरवून पाचव्यांदा जमला, तेव्हा ते धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, "कोपरा काढणं सोपं नाही रे. कुणाला सांगू नकोस." धाकट्याने अर्थातच सगळ्यांना सांगितलं.

गवंडी आता रोज येऊ लागला. एवढ्या रुंद दारांवर लोखंडी सळया घालून पक्की तुळई ओतायची हे त्याने ठणकावून सांगितलं. नाहीतर घर एकदा जांभई देईल आणि मिटणार नाही, म्हणाला. ते मामांनी निमूट ऐकलं. पण एकदा ते वाळू आणायला गेले असताना गवंड्याने सवयीने पुढच्या दाराला छानसा उंबरा करून टाकला. मामा परत आले आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"उंबऱ्याशिवाय दार असतं का?" गवंडी म्हणाला.

"खाट धरा," मामा म्हणाले. "उलट्या पावली चालत या. मग मला सांगा."

गवंडीही इरेला पेटला. त्याने खाटेचं पुढचं टोक धरलं, पोतं आणि तांब्यासकट उलटा चालत आला, आणि उंबऱ्याशी आल्यावर बदकन खाली बसला. पाणी त्याच्या डोक्यावर, पोतं मांडीवर. मग तो उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने तो उंबरा फोडला. त्या दिवसापासून मामा आणि तो एकाच ताटात जेवू लागले.

घर झालं. दारंच दारं झाली, खरं म्हणजे. मामींनी आपलं लाकडी कपाट या खोलीत नेऊन पाहिलं, त्या खोलीत नेऊन पाहिलं. कपाट सगळीकडे सहज जात होतं आणि कुठेच राहत नव्हतं. "जन्मभर लोकांची कपाटं लावलीत," मामी म्हणाल्या, "आणि माझ्या एका कपाटाला पाठ टेकायला भिंत नाही!" मामा म्हणाले, बघू. ते कपाट बैठकीच्या मधोमध उभं राहिलं आणि घर बघायला येणारे पाहुणे त्याला वळसा घालून बसू लागले.

राहिलं फक्त सासूबाईंना आणायचं. जिन्यातून जे जात नाही ते खिडकीतून जातं, हे मामांच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. घरमालकाची हातापाया पडून परवानगी काढली, खिडकीचे गज उतरवले, गच्चीवर कप्पी बसवली आणि दोरखंड सोडले. खाली थोरला, धाकटा आणि धंद्यातले आणखी काही गडी दोर धरून उभे राहिले. सासूबाईंना खाटेवर गादीसकट पट्ट्यांनी बांधलं. मामांनी आपल्या हाताने तांब्या भरला आणि त्यांच्या पोटावर ठेवला. मग सगळे पट्टे एकेक करून पुन्हा ओढून पाहिले, आणि परत एकदा पाहिले.

"घाबरलात?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," मामा म्हणाले.

"मग ठीक आहे. सावकाश न्याल."

खाट खिडकीबाहेर निघाली तेव्हा रस्त्यावरची सगळी कामं थांबली. मामा जिन्यातून धावत खाली आले, त्या हलकट वळणावर स्वतः दोनदा आपटले, आणि खाली येऊन बघतात तर खाट दुसऱ्या मजल्याशी थांबलेली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "काय अडकलं?"

"काही नाही," थोरला दात आवळून म्हणाला. "त्यांनीच थांबवलंय."

दुसऱ्या मजल्यावरची बाई खिडकीत आली होती. या दोघींचं पाण्याच्या नळावरून जुनं भांडण होतं आणि जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. आता खाट आणि खिडकी समोरासमोर होती.

"निघालात?" बाईंनी विचारलं.

"निघाले. सरळ निघाले, बघून घ्या. तो टाळ्या वाजवणारा कुठे आहे?"

"शाळेत."

"मोठा झाला असेल. सांगा त्याला." मग जरा थांबून, "आणि तो नळ तुम्हीच वापरा हो आता."

खाली गड्यांचे हात भरून आले होते, धाकट्याचे पाय जमिनीवरून सुटायला लागले होते, आणि वर दोघी एकमेकींचा निरोप घेत डोळे पुसत होत्या. अखेर सासूबाईंनी हात हलवून खूण केली आणि खाट सावकाश जमिनीला टेकली. टेम्पोतून जाताना उताण्या पडून आभाळ बघत राहिल्या. किती दिवसांत त्यांना छताशिवाय वर काही दिसलं नव्हतं. मामी शेजारी बसून तांब्याला नुसती बोटं लावून होत्या, आणि मामा टेम्पोपुढे चालत खड्डे दाखवत होते.

घराच्या दारातून खाट सरळ आत गेली. बैठकीतून, कपाटाच्या बाजूने, सरळ. स्वयंपाकघराला वळसा घेऊन, तिथल्या भाजीकडे एक नजर टाकून, सरळ आपल्या खोलीत. पाण्याचा थेंब सांडला नाही. खाट भिंतीशी लावली, पट्टे सोडले, आणि मामांचा जीव भांड्यात पडला.

"खिडकी कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

खिडकी होती. पण दार एवढं अवाढव्य होतं, आणि एकपाखी होतं, की ते आत उघडलं की खिडकी पूर्ण झाकून जाई. इतके दिवस चौकट रिकामी होती, दार काल बसलं होतं, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मामांनी दार मिटून पाहिलं. खिडकी आली, पण सगळं घर दिसेनासं झालं. उघडलं, तर घर आलं आणि खिडकी गेली. गवंड्याने कपाळ धरलं. मामा दाराची कडी धरून तसेच उभे राहिले. सगळं सरळ करून झालं होतं आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर पुन्हा भिंतच आली होती. त्यांना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "दार अर्धवट लोटा," त्या म्हणाल्या. "आणि खाट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे घ्या. म्हणजे मला रस्ताही दिसेल आणि हिची चूलही."

कुणी हललं नाही. सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होते, कारण असं काही करायचं तर हुकूम त्यांचाच लागे. मामा अजून दाराची कडीच धरून होते.

"अहो जावईबापू, म्हणा की!" सासूबाई म्हणाल्या. तरी मामांनी कडी सोडली नाही, तेव्हा त्यांनीच पडल्या पडल्या आरोळी ठोकली, "तिरकं घ्या रे, तिरकं!"

थोरल्या-धाकट्याने दचकून खाट उचलली, भर्रकन फिरवली, आणि त्या गडबडीत पोटावर विसरलेला तांब्या कलंडला. सगळं पाणी चादरीवर. मामी किंचाळल्या. मामा चादर ओढायला धावले.

"राहू द्या," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सांडू दे. मला कुठे आता परत वर जायचंय?"