अनिच्चा आणि अनिच्छा

माझ्या वडिलांना, अण्णांना, दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टर आईशी काही बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. मी कॉलेजात जाते असं आईनेच त्यांना सांगितलं होतं. घरात शिकलेली मी पहिलीच. औषधाची बाटली, रेशनच्या दुकानातली पाटी, गावाकडचं पत्र, सगळं वाचायला माझ्याकडे येई, तसं हेही आलं. छातीत खाणीची धूळ बसली आहे, आता घरीच ठेवा, एवढंच ते म्हणाले. मी बाहेर येऊन आईला म्हटलं, आराम करायला सांगितलंय. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. तिला कळलं होतं असं मला आता वाटतं.

आम्ही तेव्हा विरारला फुलपाड्यात राहत होतो, डोंगराच्या अंगाला. अण्णा रत्नागिरीकडचं गाव सोडून आले ते थेट चंदनसारच्या पुढच्या दगडखाणीवर. मला कळायला लागल्यापासून त्यांच्या भुवया पांढऱ्याच होत्या. आंघोळ केली की काळ्या व्हायच्या.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. बी.ए.चं पहिलं वर्ष होतं. पुस्तक उघडायची, मिटायची. भरलेला हंडा पुन्हा भरायला घ्यायची. अण्णांचा श्वास खोलीभर ऐकू येई, आणि तो मध्येच अडला की माझाही अडे. मग मी काहीतरी काम काढून उठायची.

वस्तीतले गुरुजी आमचे बौद्धाचार्य. लग्न, नामकरण, मयत, सगळ्याचे विधी तेच करायचे, आणि एरवी सातिवलीच्या कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांनी अण्णांना श्वासाकडे बघायला शिकवलं. येतो तो येतो म्हणून बघायचा, जातो तो जातो म्हणून. ओढायचा नाही, धरायचा नाही.

अण्णा म्हणाले, "गुरुजी, माजा वढल्याबिगर येतच नाय, त्याला काय करू?"

गुरुजी हसले. मग म्हणाले, तर ओढणं बघा.

गुरुजींची दुसरी पाळी असली की संध्याकाळी वंदनेची पुस्तिका मी वाचायची. पाली मला येत नव्हती. अक्षरं आपलीच, म्हणून घडाघडा वाचत सुटायची, परीक्षेला बसल्यासारखी. अण्णा डोळे मिटून असायचे. एकदा त्यांनी हात वर केला.

"थांब. काय म्हणलीस? अनिच्छा?"

मी पुन्हा पाहिलं. पुस्तिकेत ‘अनिच्चा’ छापलं होतं. कागद हलका, छपाई पुसट, काना-मात्रा कुठेकुठे उडालेल्या. च्छ चा च्च झाला असणार असं मला वाटलं. मी हो म्हटलं.

"म्हंजे इच्छा नाय?"

"हो."

त्यांनी वर छपराच्या पत्र्याकडे पाहिलं. "म्हंजे भगवंतालाबी ठाव व्हतं. कुनाला जायाचं नसतं."

तोवर अण्णा भीतीबद्दल बोलत नसत. भेटायला येणारे सांगायचे, आपण बुद्धाची माणसं, आपण मरणाला रडायचं नाही. अण्णा मान हलवायचे आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करून खाटेच्या कडेची लाकडी पाटी धरून पडायचे. त्या दिवसापासून पाटीवरचा हात सुटला. रोज तेच पान वाचायला सांगू लागले. आईलाही सांगितलं, पुस्तकात लिवलंय. कडू औषध आलं की म्हणायचे, माजी अनिच्छा हाय. आईने तो शब्द लगेच उचलला.

"तुमची अनिच्छा ऱ्हाऊ द्या, प्या आधी."

घरात हसणं ऐकू आलं. मी थोडी झोपू लागले.

मग एका सुट्टीच्या दिवशी गुरुजी आले आणि माझं वाचन ऐकत बसले. अण्णांना डुलकी लागली होती. गुरुजी हळूच म्हणाले, "बाय, च्छ नाही, च्च. अनिच्चा. म्हणजे अनित्य. टिकत नाही ते."

इच्छेचा काही संबंध नाही का, मी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. मग अण्णांकडे बघून म्हणाले, वाचून तूच दाखवलंस, सांगायचंही तूच बघ.

मी पापडखिंडीच्या तळ्यापर्यंत चालत गेले आणि न थांबता परत आले. एका शब्दाने अण्णांना घाबरायची मोकळीक दिली होती, आणि तो शब्द तिथे नव्हताच. सांगितलं तर पुन्हा तो हात पाटीवर जाईल. न सांगावं तर रोज संध्याकाळी भगवंताच्या नावाने मी माझंच काहीतरी वाचणार. कारण अनिच्छा माझीही होती. कदाचित म्हणूनच मला ते अक्षर चुकीचं छापल्यासारखं दिसलं.

कॉलेजात माझ्या शेजारी वसईच्या एका वाडीतली ख्रिस्ती मुलगी बसायची. तिला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे रोज प्रार्थनेत चांगलं मरण मागतात, पण आमच्या आजोबांनी शेवटपर्यंत केळीला पाणी घातलं का एवढंच विचारलं. ते बरोबर की चूक, हे काही ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांसाठी वेलची केळी घेऊन आली.

त्या संध्याकाळी आई नळावर गेली होती. मी वाचायला घेतलं आणि त्या शब्दाशी आले. च्च म्हटलं. अण्णांनी डोळे उघडले.

"आज येगळं म्हणलीस."

मी सगळं सांगितलं. घाईघाईत, खाली बघून. अण्णा म्हणाले, "म्हंजे काईच टिकत नाय?"

"नाही."

"ही खाट?"

"नाही."

"तुजं कालेज?"

मला हसू आलं. तेही हसले आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मंग माजी अनिच्छा, तीबी ऱ्हायाची नाय."

ते विचारत होते की सांगत होते, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. त्यांचा हात खाटेच्या पाटीकडे गेला, तिथे थांबला, पुन्हा पोटावर आला. मी हंड्याकडे जायला उठले.

"हंडा भरल्याला हाय," अण्णा म्हणाले. "बस गो बाय जरा."

मी बसले. त्यांचा श्वास येत होता, ओढून ओढून. मी तो बघायचा प्रयत्न केला. मध्येच मन पळायचं, परीक्षा, पत्र्याचा आवाज, आई अजून का आली नाही. मग पुन्हा तो ऐकू यायचा. आई येईपर्यंत मी उठले नाही.

त्याच आठवड्यात अण्णा गेले. सकाळी, आई भाकरी थापत असताना. मी शेजारीच होते. तो एक श्वास गेला आणि पुढच्याची मी वाट पाहत राहिले.

मयतानंतरच्या जलदान विधीला वस्ती जमली. गुरुजींनी गाथा मला म्हणायला लावली. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत राहायचं, पेला भरून ताटात वाहेपर्यंत. तांब्यावर माझा हात आणि माझ्या हातावर आईचा. त्या शब्दाशी मी आले आणि नीट, सावकाश म्हणाले, अनिच्चा.

पाठोपाठ आई म्हणाली, "अनिच्छा."

स्पष्ट म्हणाली. खरा शब्द च्च चा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुजींनी वर पाहिलं, माझ्याकडे. लोक पाठीमागे गाथा म्हणतच होते. पेला भरला होता, पाणी ताटात उतरू लागलं होतं. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. तांब्यात अजून पाणी होतं आणि आम्ही ओतत राहिलो.