सेव्ह म्हणजे वाचवणे

माझ्या भावाच्या हातून चूक होत नाही. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही झालेली नाही, असं तोच सांगतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की हा हत्यारांची पेटी घेऊन पोचतो आणि आतल्या घामाघूम माणसांना बाहेर काढायच्या आधी दाराच्या फटीतून विचारतो, "उगाच बटणं कुणी दाबली?" मागच्या महिन्यात त्याने स्वतः जोडलेली वायर निसटली, तर बोलणी वॉचमनने खाल्ली. स्कूटरची किल्ली सापडत नसली की ती वहिनीने हलवलेली असते. ती याच्याच खिशात निघाली, तर तिथेही वहिनीनेच ठेवलेली असते.

पण खापर फोडायला त्याला सगळ्यात आवडतं ते माझं डोकं. मी त्याची पाच वर्षांनी लहान बहीण.

मी आठ वर्षांची असताना बाबांच्या ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर काढून टाकला आणि बाबांनी तो घरी आणला. त्यात एक गेम होता. भुयारं, राक्षस, जादूटोणा आणि सहा जणांची टोळी. दादाने टोळीला घरातल्यांची नावं दिली. सगळ्यात पुढे तलवार घेऊन अर्थातच तो स्वतः. सगळ्यात मागे जखमा बऱ्या करणारी, तिला माझं नाव, चिमी. मला कीबोर्डला हात लावायची बंदी होती. मी शेजारी स्टुलावर बसून आलेखाच्या वहीत भुयारांचे नकाशे काढायचे. "तीन पावलं पुढे, उजवीकडे दार," तो म्हणायचा आणि मी चौकोन रंगवायचे. असं दोन वर्षं चाललं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग एका रविवारी तो गेम तसाच उघडा ठेवून आंघोळीला गेला. चिमीला विष चढलं होतं. तिच्या नावापुढचा आकडा एकेकाने खाली येत होता. मेनूत एक शब्द होता, सेव्ह. मी डिक्शनरीत पाहिलं. सेव्ह म्हणजे वाचवणे. मी दाबलं. त्याने पुढे काहीतरी विचारलं, मी काहीतरी टाईप केलं, काय ते घाबरल्यामुळे कधीच आठवलं नाही. आकडा खाली येतच राहिला, तेव्हा मी रडत रडत कॉम्प्युटरच बंद केला. दादा केस पुसत आला आणि माझ्यावर खेकसला. त्या आरडाओरड्याला कंटाळून बाबांनी फर्मान काढलं की दादाची दहावीची परीक्षा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद.

परीक्षा संपली त्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांसमोर गेम लावला. टोळी एका कुलूपबंद खोलीत अडकलेली, किल्ली नाही, खायला काही नाही, बाहेर पडायला वाट नाही. दादा ओरडला, "हिने सेव्ह दाबलं, माझा जुना खेळ पुसला गेला! माझी दोन वर्षं घालवली हिने!"

आईने मला धपाटा दिला. तो दुसऱ्या दिवशी विसरायला झाला. दादाचं वाक्य मात्र एकोणतीस वर्षं टिकलं. "हिच्या हातात काही देऊ नका, वाट लावते." माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले, मीही हसले. आणि मला ते खरंच वाटत आलं. मी औषधांची लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये काम करते. सोळा वर्षं लेबलं मी जुळवते आणि शेवटची तपासणीची सही दुसऱ्याकडून घेते. सही करणारे गृहस्थ आता निवृत्त होतायत. मालकांनी ते काम मला देऊ केलं, याआधी दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा मी नको म्हटलं. "सोमवारी शेवटचं विचारतो," ते म्हणाले. मी दादाला फोन केला. "औषधाचं लेबल आहे गं," तो म्हणाला, "तुझ्याच्याने नाही व्हायचं." मी नाही म्हणायचं ठरवून टाकलं.

त्या शनिवारी दुपारी त्याचाच फोन. "बाबांच्या कॉम्प्युटरची डिस्क चालू केलीय मी. गेम उघडतोय. ती नकाशांची वही आहे का गं तुझ्याकडे?"

होती. मूर्खासारखी घेऊन गेले, उत्साहाने. त्याने मला शेजारी स्टूल दिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाचे डोळे पंधरा वर्षांच्या मुलासारखे चमकत होते. त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर सेव्ह केलेल्या खेळांची यादी आली. दादाने घाईघाईने हात पुढे केला.

"थांब," मी म्हटलं.

चार खण होते. दुसऱ्या खणात इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'वाचव'. पुढे त्या रविवारची तारीख. पहिल्या खणात दादाचं नाव आणि दुसऱ्या दिवशीची तारीख, सकाळचे अकरा वीस. सोमवारी अकरा वीसला मी शाळेत होते. आई-बाबा कामावर. घरी अभ्यासाच्या सुट्टीवर एकटा दादा, बाबांची बंदी मोडून खेळत बसलेला. टोळीला त्या कुलूपबंद खोलीत अडकवून सेव्ह केलं होतं ते त्यानेच.

"दुसरा उघड," मी म्हटलं.

त्याने उघडला. चिमी जिवंत होती, आकडा चारवर. दादाने टोळीच्या पिशवीतून विषावरचा उतारा काढून तिला पाजला. आकडा थांबला. दोन वर्षांचा गेम जसाच्या तसा, धडधाकट.

"तुला माहीत होतं?"

"हा खण नंतर दिसला." तो पडद्याकडेच बघत होता. "पण तोवर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो ना. मग हा उघडायचा कसा?"

"म्हणजे तू पुढे खेळलासच नाहीस?"

"नाही."

मला त्याची कीव आली. पण ती टिकली नाही, कारण लगेच तो म्हणाला, "आणि खरं तर चूक बाबांची. बंदी घातली नसती तर मी असा घाईत खेळलोच नसतो."

संताप म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. मी वही उचलली आणि निघाले. मागून तो म्हणाला, "अगं, नकाशे तरी ठेव!"

सोमवारी मालकांना हो म्हटलं. पहिल्या आठवड्यात नऊ लेबलं माझ्या सहीने गेली. दहाव्या लेबलात मी चुकले. गोळ्यांच्या ताकदीत एक शून्य कमी. सही करून पाचच मिनिटं झाली होती, छपाई सुरू व्हायची होती, तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं. मालकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "माझं चुकलं."

त्यांनी कागद पाहिला. "बरं," ते म्हणाले, "मशीन लावू नका म्हणून सांगा आणि नवीन प्लेट काढा." मग ते पुन्हा त्यांच्या फोनवर बोलायला लागले.

एवढंच होतं. दोन शब्द. एवढंच दादाला करायचं होतं.