रोंगेलापचा पाहुणचार

माझ्या नेइतारी मावशीच्या गळ्यावर आडवी शस्त्रक्रियेची खूण आहे. आमच्या रोंगेलाप बेटावर अणुबॉम्बच्या चाचणीची पांढरी राख पडली तेव्हा ती लहान पोर होती. सगळ्या पोरांनी ती राख अंगाला चोळून खेळ मांडला होता. मग आम्हाला तिथून हलवलं. मध्ये एकदा 'आता बेट चांगलं आहे' म्हणून सरकारने आम्हाला परत नेलंही. तिथलं खाऊन तोंडं फोडांनी भरली, बायकांची पोटातली मुलं गेली, शेवटी आम्हीच उठून मेजॅटो बेटावर आलो. तिथे बोटीतून तांदूळ येतो. पोती उतरायला लागली की मावशी पाठ फिरवून बसते.

परवाच्या वर्षी पुन्हा तेच! जमिनीतलं बॉम्बचं विष मोजणारे साहेब आले. बेट आता राहण्याजोगं आहे, नवी घरं तयार आहेत, चला. आमच्यात जमीन बायकांकडून बायकांकडे जाते. मावशीला मूल नाही, म्हणजे तिच्यानंतर ती माझी, मग माझ्या लेकीची. तिघींनी जायचं की नाही, हे मावशीने ठरवायचं होतं.

"मावशे, साहेब शिकलेला आहे गं," मी म्हटलं.

"मागचा काय अडाणी होता?"

तरी बघायला म्हणून आम्ही तिघी साहेबांच्या बोटीने गेलो. स्वतःच्या जमिनीवर पाय ठेवताच म्हातारी पोरीसारखी धावली. माडावर चढणारा मोठा खेकडा तिने स्वतः पकडला, नारळाच्या सोडणांच्या विस्तवावर भाजला. तिच्या तोंडाला सुटलेलं पाणी मला दिसत होतं. पण आपल्या जमिनीवर आलेला पाहुणा आधी जेवतो, मग आपण. तिने पहिलं पान साहेबांपुढे ठेवलं.

"वा! पण माझं पोट जरा बिघडलंय, आजीबाई."

"मग शहाळं घ्या. पोटाला बरं."

"नंतर घेतो."

हेच पोट सकाळी बोटीवर चार अंडी रिचवून आलं होतं! थोड्या वेळाने त्याने पिशवीतून बिस्किटं काढली. मावशी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खेकडा गार झाला.

"आजी, मी खाऊ?" माझ्या लेकीने विचारलं.

"पाहुणा जेवला नाही अजून."

माझं डोकंच फिरलं. "जळो ती रीत! मावशे, चाखून तरी बघ."

"सगळं गेलं गं. रीत तेवढी राहिली आहे. तीही टाकू?"

निघताना पाहुण्याला शिदोरी द्यावी लागते. तिने झावळीची टोपली विणली, सगळा खेकडा त्यात घातला. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "बोटीवर नक्की खातो" म्हणाले.

बोट सुटली. मावशी कठड्याला टेकून बेटाकडे बघत होती. तेवढ्यात बोटीमागच्या फेसात ती टोपली तरंगताना दिसली. आम्हा दोघींनाही दिसली.

साहेब हसत आले. "मग आजीबाई, कधी येताय राहायला?"

"तुमचं पोट बरं झालं की कळवा," मावशी म्हणाली. "मग येऊ."

ते गेल्यावर तिने माझा हात घट्ट धरला आणि रडायला लागली.

"एक घास गं," म्हणाली, "एक घास तरी खायला हवा होता मी."