कठीण कुठे आहे ते सांग

कॉरिन वावरा चिडकी म्हणून कधीच ओळखली गेली नव्हती. नेब्रास्कातल्या तिच्या गावात धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही नाही, आणि त्या गावात ती 'डार्लाची हुशार पोर' होती. डार्ला, म्हणजे तिची आई, शाळेची बस चालवायची आणि मागे दंगा करणाऱ्या पोरांना म्हणायची, "ओरडताय काय, आमच्या कॉरिनसारखं वाचा जरा."

पुढे वकील व्हायचं म्हणून कॉरिन राज्याच्या विद्यापीठात ऑनर्सला, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या खास अभ्यासक्रमाला गेली. ऑनर्सच्या मुलांचं वसतिगृह वेगळं, वर्ग छोटे, विषय निवडायचा मान सगळ्यांच्या आधी. साधा विषयही ऑनर्सचा करून मिळायचा. प्राध्यापकाशी करार करायचा आणि दहा पानं जास्तीची लिहायची. ती पानं कॉरिनने मन लावून लिहिली. कुणी ती वाचल्याची खूण मात्र एकाही पानावर उमटली नाही. चर्चेच्या तासाला मुलं गोल करून बसत. कुणी काहीही बोललं तरी बाई मान डोलावत, "फार सुंदर मुद्दा." शेवटी तिने मोठा प्रबंध लिहिला, त्याला सर्वोच्च श्रेणी मिळाली, आणि पदवीच्या दिवशी गळ्यात सोनेरी गोंडे आले. त्या दिवशीचा फोटो डार्लाने बसमध्ये आरशाशेजारी चिकटवला.

मग लॉ कॉलेज. तिथे प्राध्यापक न सांगता कुणालाही उठवतो.

"मिस वावरा, या खटल्यात न्यायालयाने काय ठरवलं?"

"मला वाटतं की न्यायालयाने..."

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलं नाही. ठरवलं काय?"

तिने पुन्हा स्वतःचं मतच सांगितलं, कारण निकाल आणि आपलं मत यांच्यामधली भिंत तिला कुणी कधी दाखवलीच नव्हती. शेजारी एक मुलगा बसायचा, कुठल्याशा बारक्या कॉलेजातला, ऑनर्स-बिनर्स काही नसलेला. त्याने दोन वाक्यांत निकाल सांगितला आणि पाणी प्यायला. पहिल्या परीक्षेत कॉरिन वर्गाच्या तळाशी गेली. तिला रडू आलं नाही, राग आला. चार वर्षं 'सुंदर, सुंदर' म्हणत आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते काही केल्या निघेना.

वसंतात ऑनर्सच्या संचालिका डॉ. ओस्टरगार्ड यांचं आमंत्रण आलं: नव्या मुलांच्या स्वागताला ये, चार शब्द बोल. ती गेलीच नसती. पण त्या नव्या मुलांमध्ये तिची धाकटी बहीण ब्रिन होती. ब्रिनलाही वकीलच व्हायचं होतं, आणि ती त्याच दिवशी ऑनर्सच्या प्रवेशावर सही करणार होती.

सभागृहात लोकांनी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल घेतले होते. डार्ला पहिल्या रांगेत, नवा ब्लाउज घालून. बियाणं कंपनीची टोपी घातलेला एक बाप उठला. "आमचं शिक्षण कठीण आहे असं प्रत्येक कॉलेज सांगतं. आमच्यासारख्याने ते ओळखायचं कसं?"

"कॉरिन सांगेल की," संचालिकाबाई कौतुकाने म्हणाल्या.

"वसतिगृह बघू नका," कॉरिन म्हणाली. "शिक्षकाने तपासलेला एखाद्या मुलाचा निबंध मागा. त्याच्यावर खुणा नसतील तर काय ते समजा. आणि गेल्या वर्षी किती प्रबंध सुधारायला परत पाठवले, ते मॅडमना विचारा."

टोपीवाला वळला. "किती पाठवले हो?"

"आमची मुलं मुळातच तयारीची असतात. तशी वेळच येत नाही."

"म्हणजे एकही नाही."

"तसं म्हणायचं तर..."

लोक खायचे थांबले. डार्ला मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली.

बाहेर पडताना संचालिकाबाईंनी कॉरिनला गाठलं. "लॉ कॉलेजसाठी तुझी शिफारस मी केली होती, विसरलीस?"

"नाही. असामान्य प्रबंध, असं लिहिलं होतंत. कशावर होता तो?"

"नदीबद्दल काहीतरी..."

"नदीबद्दल नव्हता."

ब्रिनने सही केली नाही; पटलं म्हणून नव्हे, सगळे तिच्याकडेच बघत होते म्हणून. गाडीत बसताच ती फुटली. "स्वतः जेवून उठलीस आणि आता माझं ताट ओढतेस."

"चार वर्षं मी शेंबड्या पोरांना तुझं कौतुक ऐकवलं," डार्ला गाडी चालवता चालवता समोर बघत म्हणाली. "तेव्हा बोलायचं होतंस."

"तेव्हा कळत कुठे होतं? सगळे छान म्हणत होते. तूसुद्धा."

"मी बस चालवते. मला प्रबंधातलं काय कळणार? त्यांना पगार मिळतो तो कळण्याचाच ना?"

गाडी गावाकडच्या हमरस्त्याला लागली.

"भाषण झालं तुझं," मागून ब्रिन म्हणाली. "आता कठीण कुठे आहे ते सांग. नाव सांग."

कॉरिनकडे एकच नाव होतं. श्लेगेल, इतिहासाचे प्राध्यापक, ऑनर्सच्या बाहेरचे. एक पान लिहायला द्यायचे आणि 'हे कशावरून?' एवढंच लिहून परत करायचे. तिचं पान तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा ऑनर्सचा सल्लागार म्हणाला की हा विषय सोड, गुणांची सरासरी पडेल, लॉ कॉलेज सरासरी बघतं. तिने सोडला.

"आणि तो खोटं बोलला नाही," कॉरिन म्हणाली. "सरासरीवरच मला प्रवेश मिळाला. त्याचाच जास्त संताप येतो मला."

"मलाही नाही जमलं तर?"

"तर आत्ता नाही जमणार. माझ्यासारखं भर वर्गात, उशिरा नाही. आणि आत्ता शिकायला वेळ आहे."

"मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये," ब्रिन म्हणाली. मग जरा थांबून, "आज असतील का ते?"

"माहीत नाही."

"नसतील तर येईपर्यंत बसू," डार्ला म्हणाली. तिने आरशात पाहिलं आणि भर हमरस्त्यावर गाडी परत विद्यापीठाकडे वळवली, शाळेची बस वळवावी तशी, दोन्हीकडची वाहतूक अडवून.