एका हातातल्या बांगड्या

गावोगाव फिरत आंजीत बांगड्या भरायला येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळ्या तिला कासारीणबाई म्हणत, मीही म्हणायची. एकदा हात धरला की ती सोडायची नाही. "हात ढिला सोड वो माय," म्हणता म्हणता घरातल्या लेकराच्या हगवणीपर्यंत पोचायची.

सत्तरच्या दशकातली मी नवीकोरी नर्सबाई. हातात चित्रांचे तक्ते आणि भाषण असं, की देवळातली कुत्रीसुद्धा उठून जात. मजूर बायका लेकरांच्या वजनाला येईनात. या गुरुवारीही कुणी आलं नाही तर आंजीचं काम बंद, असं डॉक्टर म्हणाले. मी कासारीणबाईपुढे रडले.

"रडून काऊन राह्यली? मी आणतो त्यायले."

तिनं वस्तीतल्या प्रत्येकीचा एकच हात भरला. "दुसरा गुरुवारी, वजनाच्या जागी. लेकरू घेऊन येजो."

एक हात ओका ठेवून कोण हिंडणार? गुरुवारी ही गर्दी! बायका तिला शिव्या घालत होत्या, लेकरं काट्याच्या झोळीत बोंबलत होती आणि मी नाचायचीच काय ती बाकी होते. पुढच्या महिन्यात दोन्ही हात भरलेले होते, तरी बायका आल्या.

मग मला केळझरला नवं काम सुरू करायला पाठवलं. भाषण घोकतच मी एसटीतून उतरले. समोर कडेवर लेकरू घेतलेली बाई उभी. तिचा डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजवा ओका होता.

"नर्सबाई, वजन कुठंशी हाये वो?" तिनंच विचारलं.