साखरेच्या आदीचं

भोरच्या दवाखान्यात डाक्टरीनबाई म्हनल्या, "तुला प्री-डायबेटीस हाय." पोरगी अजून अंगावर पिती माजी. वडापच्या रिक्षात बसले तरी डोळ्याचं पानी थांबंना. शेजारी एक मावशी हुत्या, पदरानं सारखा घाम टिपत. म्हनल्या, "रडतीस कशापायी गं बाय?"

म्या सांगितलं आन् इचारलं, "ह्ये प्री म्हंजी काय वो?"

"माजी नात नर्सिंग शिकती, ती सांगती, इंग्रजीत प्री म्हंजी आदी. साखरेचं दुखनं व्हायच्या आदीचं." आन् हसल्या. "मला बी धाकट्याच्या येळंला ह्येच सांगितलं हुतं. म्या समजले, अजून झालं न्हाई, मग कशाला भ्या? डाक्टर सांगत हुते, अजून येळ हाय, ग्वाड सोड. सासू रोज डिंकाचा लाडू हातावर ठिवायची, नगं म्हनायची छातीच झाली न्हाई."

नसरापूरला त्या उतरल्या. एक चप्पल रिक्षातच राह्यली, तरी तापल्या डांबरावर निवांत चालल्या हुत्या. म्या पोरीला कडंवर घेऊन हाका मारत पळाले.

त्यांनी खाली बगितलं. "निसटली व्हय? साखर झाल्यापास्नं ह्या पायाला काय कळतच न्हाई आता."

माज्या खांद्याला धरून त्यांनी चप्पल घातली. नाव इचारायचं राहूनच गेलं.

सांजच्याला सासूबाईंनी लाडू पुढं केला. म्या पहिल्यांदाच म्हनले, "आत्याबाई, मला नगं." त्यांनी लाडू माघारी टाकून डबा झाकून ठिवला. येवढंच हुतं. त्या मावशींना कुनी तवाच सांगायला पायजे हुतं, की नगं म्हननं येवढंच असतं.